गैरहजरांचे जामीनदार

आमच्या शाळेत नववीचं नवीन वर्ष गैरहजर मुलांपासून सुरू व्हायचं. जूनमध्ये शाळा उघडली की बाकीचे शिक्षक पहिल्या तासाला हजेरी घेत, पुस्तकांना कव्हरं घाला म्हणून सांगत, फार तर सुट्टीत काय केलं ते विचारत. सामाजिक विज्ञानाचे सर वर्गात शिरायचे, खुर्ची उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवायचे, ओल्या फडक्यानं फळा स्वतः पुसायचे आणि हात झटकत विचारायचे, "हं, बोला. कोण नाही आलं?"

मग एकेक पोर उठायचं. "सर, गणेश नाही आला. शिरपूरला गेलाय, काकाचं लगीन आहे. पुढच्या सोमवारी येईल."

"जामीन कोण?"

"मी, सर."

झालं. फळ्यावर गणेशचं नाव, त्याच्यासमोर जामीनदाराचं नाव. गणेश येईपर्यंत जामीनदारानं त्याची वहीसुद्धा लिहायची, बाकावरची त्याची जागा धरून ठेवायची, आणि सांगितलेल्या सोमवारी तो उगवला नाही तर त्याच्या घरी जाऊन चौकशी करून यायची. सर पोरांना दम द्यायचे, "ज्याचं नाव घ्यायला वर्गात कुणी उठत नाही, त्याचं नाव मी पटावरून कापतो." कापलं कधीच नाही. पण पोरांना ते खरं वाटायचं, आणि आपल्या दोस्ताचं नाव जाऊ नये म्हणून अगदी तोंडातून शब्द न फुटणारी पोरगीसुद्धा ताडकन उभी राहायची. वर्षभर कधीही, कुठल्याही तासाला 'कोण नाही आलं' असं विचारा, माझ्या विज्ञानाच्या तासालासुद्धा, की जामीनदार उभे! मला त्याचा भारी वैताग. अर्धा तास त्यातच जायचा.

एकदा मी सरांना तसं बोलले. ते म्हणाले, "आलेल्यांची हजेरी कारकून पण घेतो, बाई."

असंच बोलायचे. समोरच्याला कारकून करून टाकायचे आणि निघून जायचे.

मी नाशिकची. नवरा बँकेत, त्याची बदली सुरतेला झाली म्हणून मी इथे आले आणि उधन्याकडच्या या मराठी माध्यमाच्या शाळेत लागले. खाली आठवीपर्यंतची शाळा, आणि हायस्कूल म्हणजे नववी आणि दहावी, दोनच वर्ग, आणि आम्ही मोजून पाच शिक्षक. पोरं पुरुषांना सर म्हणत, गुजराती शिकवणाऱ्या बेनना बेन म्हणत आणि मला मॅडम. पहिल्या दिवशी मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना नमस्कार करत माझं नाव सांगत होते. सरांपाशी आले तर त्यांनी हात वर केला. "नाव आत्ता नका सांगू. महिनाभर टिकलात तर विचारेन." मी नवी होते, तरी कानशिलं तापली. आणि काय सांगू, बरोबर एक महिन्यानं, मी उत्तरपत्रिका तपासत बसले असताना हे समोर येऊन उभे. "हं. आता सांगा." माणूस खरोखर दिवस मोजत होता.

महिन्याचं त्यांना काय वेड होतं देव जाणे. वर्तमानपत्रसुद्धा महिन्यानं वाचायचे. रोजचं घ्यायचे, घडी न मोडता कपाटात ठेवायचे आणि महिना झाला की काढायचे. आम्ही डबा खाताना निवडणुकीवरून हातघाईवर आलो की हे शांतपणे भाकरी मोडत म्हणायचे, "चालू द्या तुमचं. मला अजून सव्वीस दिवस आहेत." शिकवणार समाज, राज्यकारभार, नागरिकांचे हक्क, आणि आज गावात काय झालं ते ह्यांना माहीत नसणार! मी हसायचे. सगळेच हसायचो. ते म्हणायचे, महिन्यानं ज्या बातमीचं काही उरलेलं असतं तेवढीच पोरांना सांगायची, बाकीची रद्दीत. आणि खरंच, वाचून झाल्यावर एखादंच कात्रण ठेवायचे.

पाठ्यपुस्तकाचा धडा शिकवण्याआधी लाल पेन घेऊन तपासायचे, एखाद्या पोराचा निबंध तपासावा तसा. समासात शेरे. 'हे कुणी पाहिलं?' 'पुन्हा लिहा.' खाली गुण. दहापैकी चार, दहापैकी साडेपाच. एका धड्याला तेवढे नऊ दिलेले मी पाहिले होते, तो जमिनीच्या प्रकारांचा होता. त्यांचं ते पुस्तक एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या हाती लागलं आणि आमच्या मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांनी विचारलं, हे काय? सर म्हणाले, "पुनर्परीक्षेला बसवलंय साहेब, सुधारेल."

तर असा हा उंटावरचा शहाणा. मला तो माणूस आवडायचा नाही, हे मी सरळच सांगते. आज त्याच्याविषयी लिहायला बसले म्हणून त्याला ओवाळणार नाही. विज्ञानाच्या प्रयोगांसाठी माझ्याकडे एक कपाट होतं, त्यात चार परीक्षानळ्या आणि एक मोडका सूक्ष्मदर्शक. त्यावरून मला येताजाता टोमणे. "तुमचं विज्ञान सोपं आहे, बाई. तुमच्या आम्लाला वाईट नाही वाटत." म्हणजे ह्यांचं तेवढं अवघड! नाकानं कांदे सोलणारी माणसं मला आधीपासूनच सहन होत नाहीत.

पण भिंतीपलीकडून मी त्यांचे तास ऐकायचे. माझी दहावी आणि त्यांची नववी, मध्ये पातळ भिंत. एकदा धडा कारखान्यांच्या कामगारांवरचा चालला होता. सरांनी एका पोराला उठवलं.

"तुझा बाप कुठे कामाला?"

"पलसाण्याला, सर. डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या."

"पाळी किती तासांची?"

"बारा."

"आणि पुस्तकात किती लिहिलीय?"

पोरानं पुस्तक पाहिलं असावं. "आठ, सर."

"मग चुकलं कोण?"

पोर म्हणालं, "बाप चुकला, सर."

वर्ग हसला नाही. मी पण खडू हातात धरून थांबले. थोड्या वेळानं बघते तर ते व्हरांड्यात, बाहेर काढलेल्या त्या खुर्चीशेजारी उभे, बसलेले नाहीत, नुसते उभे. घंटा होईपर्यंत आत गेले नाहीत. त्या पोराला पुढे वर्षभर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, हे मात्र माझ्या लक्षात आहे.

पालकांशी ते अहिराणीत बोलायचे. स्वतः धुळ्याकडचेच. पोर शाळेत आलं नाही की रविवारी भेस्तानच्या आपल्या घरून सायकल मारत पोरांच्या वस्तीत. "पोर कोठे शे, भाऊ?" "गावले शे, सर. लगीन शे." "आन् लगीन पोरनं शे का?" बाप ओशाळून हसायचा. पालकांना त्यांची भीती वाटायची आणि तरी चहा पाजल्याशिवाय कुणी सोडत नसे. मला त्या वस्तीत कुणी ओळखत नव्हतं. मी कधी गेलेच नव्हते, तर ओळखणार कुठून?

या गावाला जाण्यातच सगळी मेख होती. आमची नव्वद टक्के पोरं खान्देशातली. बाप लूमवर नाही तर डाइंगमध्ये, आई घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. मे महिना लागला की अख्खं कुटुंब गावाला, आणि लग्नं आटोपल्याशिवाय परत नाही. एक तिथी जूनमध्ये असली तर जून गेला. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. शाळा कुठे पळून जाते? वर्षानुवर्षं आम्ही तसंच चालवत होतो. पोरं जूनच्या शेवटी उगवायची, वर्ग भरायचा, कुणी विचारत नव्हतं.

आणि मग एका वर्षी विचारलं. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पट कमी असलेले वर्ग बंद करायचे, त्यासाठी साहेब जूनमध्येच येऊन बाकांवरची डोकी मोजणार, असा निरोप आला. कागदावरची मुलं चालणार नाहीत, समोर बसलेली पाहिजेत. नववीत त्या दिवशी जेमतेम निम्मा वर्ग होता. बाकीची पोरं पारोळ्याला, अमळनेरला, शहाद्याला मांडवात नाचत होती.

नववी गेली की पुढच्या वर्षी दहावी आपोआप जाणार. हायस्कूलच संपणार. मुलगे जातील हो कुठेही, हिंदी शाळेत जातील, नाही तर मशीनवर जातील. पण मुलींचं काय? दूरच्या शाळेत रिक्षानं पोरगी पाठवायला या वस्तीतला कुठला बाप तयार होतो? आठवी झाली, पुरे, बस खडे चिकटवत. आम्हाला सगळ्यांना हे कळत होतं. आमच्या नोकऱ्यांचं काय होणार हेही कळत होतं, आणि त्याची धाकधूक जास्त होती, हे आता कबूल करायला काय हरकत आहे?

सरांनी फोन लावून पाहिले. मांडवात कोण फोन उचलतो! मग शुक्रवारी संध्याकाळी ते भुसावळच्या गाडीत बसले आणि खान्देशात गेले. शनिवार-रविवार दोन दिवस या लग्नातून त्या लग्नात. ते स्वतः काही बोलले नाहीत, पण पोरांकडून कळलं ते असं, की अमळनेरच्या एका मांडवात हे थेट स्टेजवर चढले आणि माइक घेऊन म्हणाले, नवरा-नवरीला आशीर्वाद, आणि नवरदेवाच्या पुतण्याला माझ्याबरोबर पाठवा. वऱ्हाडातल्या चार टग्यांनी त्यांना धरून खाली उतरवलं. सदऱ्याचा खिसा फाटला. सोमवारी ते तोच सदरा घालून शाळेत आले, खिसा लोंबतोय, आणि मागे तीन पोरं. पुतण्या त्यांत होता.

तीन पोरांनी काय होणार? ठरलेल्या आकड्याला अजून सात कमी होती.

मुख्याध्यापकांनी दार लावून आम्हाला बसवलं. उपाय सगळ्यांना माहीत होता, फक्त बोलायचं कुणी एवढाच प्रश्न होता. मीच बोलले. आठवीची सात उंच पोरं नववीत बसवू. ज्यांची नावं असतील त्यांच्या जागी 'हजर' म्हणतील. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. जुलैत खरी पोरं येतीलच, आपण कुणाला फसवतोय असं नाही.

सर म्हणाले, "पंधरा दिवस मागा साहेबांकडे. सरळ सांगा, पोरं लग्नाला गेलीत."

मला हसूच आलं. "सर, साहेबांना तुमच्या चुलत-मावस लग्नांशी काय घेणं आहे? तुमच्या तत्त्वांचं लोणचं घाला आता. वर्ग वाचवायचाय की नाही, तेवढं सांगा."

ते बराच वेळ तो फाटका खिसा बोटांनी दाबून बसवत राहिले. शेवटी म्हणाले, "करा काय करायचं ते. मला काही बोलायला लावू नका." त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा हार मानली होती, आणि मला, देवा शपथ, बरं वाटलं.

सगळी तालीम मी घेतली. आठवीच्या पोरांकडून कोणी कोणाच्या नावाला उठायचं ते पाठ करून घेतलं. नववीच्या पोरांना ताकीद दिली, साहेब असेपर्यंत हूं की चूं नाही. साहेब जे नाव पुकारतील ते ज्याला दिलंय तोच बोलेल. पोरांनी माना डोलावल्या.

साहेब सज्जन होते. घाईतले, घामाघूम, पण गोड बोलणारे. नावं पुकारली. आठवीची पोरं खणखणीत 'हाजिर साहेब' म्हणाली. गावाला गेलेल्या चेतनच्या नावाला जो उठायचा होता तो बरोबर उठला. साहेबांनी डोकी मोजली, कागदावर लिहिलं, मोबाईलमध्ये वर्गाचा फोटो काढला. मी दाराशी उभी होते, माझा जीव भांड्यात पडला. सर खिडकीशी, वर्गाकडे पाठ करून उभे. साहेब निघाले, आणि जाता जाता, लहान पोरांशी चार शब्द बोलावेत म्हणून, हसत म्हणाले, "सरस, सरस! बहुत अच्छा क्लास है. तो बोलो, आज कौन नहीं आया?"

मला कळलंच नाही क्षणभर. आणि दुसऱ्या बाकावरून रोशनी उभी राहिली.

रोशनी म्हणजे हुशार पोरगी, बाप पलसाण्याच्या डाइंगमध्ये, आई खडे चिकटवणारी, घरात ही थोरली. हिंदी तिचं शुद्ध. ती हात बांधून म्हणाली, "साहेब, चेतन नहीं आया. पारोळा गया है, मामा की शादी है. अगले सोमवार को आएगा. उसकी जामीन मैं हूँ."

साहेब म्हणाले, "चेतन? चेतन तो अभी बोला ना, हाजिर?"

रोशनीनं त्या आठवीच्या पोराकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. सर खिडकीतून वळले होते. त्या पोरीला पेच पडला होता तो मला दिसत होता. मॅडम म्हणाल्या गप्प बसा. पण कोण नाही आलं असं विचारल्यावर गप्प बसलं तर चेतनचं नाव कापतात. सर तिच्याकडे नुसते बघत राहिले. बस म्हणाले नाहीत, बोल म्हणाले नाहीत. आणि मग मागून एक पोरगा उठला. "साहेब, मेरा राहुल नहीं आया." मग अजून एक. मग अजून एक. सातच्या सात गैरहजरांचे सात जामीनदार उभे राहिले, आपापल्या दोस्ताचं गाव, लग्न आणि परत येण्याचा वार सांगत. एक पोरगं तर वाराची चूक दुरुस्त करून पुन्हा बोललं.

साहेबांनी कागद पुन्हा उघडला. सज्जन होते, ओरडले नाहीत. मुख्याध्यापकांना एवढंच म्हणाले, "आ शुं छे, साहेब?" आणि खुर्ची शोधायला लागले. खुर्ची व्हरांड्यात होती.

ते गेल्यावर मी रोशनीला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. "कुणी विचारलं होतं गं तुला? शहाणी! सांगून ठेवलं होतं ना, तोंड उघडायचं नाही? तू तोंड उघडलंस आणि सगळ्यांचं वाटोळं केलंस. आता बस घरी!"

ती म्हणाली, "मॅडम, चेतनचं नाव..."

"चेतन गेला खड्ड्यात, आणि तुझे सर पण."

ती ओढणीच्या टोकाला गाठ मारत उभी राहिली. मी तरातरा स्टाफरूममध्ये आले आणि सगळ्यांसमोर सरांना म्हणाले, तुमच्या त्या जामीनदारीच्या नाटकानं वर्ग घालवला. ते म्हणाले, "हो." बाकीचे खाली बघत होते.

महिनाभरात नववी बंद झाली. चौकशी झाली, आणि आठवीची पोरं नववीत कुणी बसवली असा प्रश्न आला. मुख्याध्यापकांनी एक निवेदन तयार केलं, की हा प्रकार वर्गशिक्षकांनी परस्पर केला, इतरांना कल्पना नव्हती. वर्गशिक्षक म्हणजे सर. निवेदन स्टाफरूमच्या टेबलावर ठेवलं होतं आणि प्रत्येकानं आपापल्या सवडीनं जाऊन सही केली, एकमेकांकडे न बघता. माझी तिसरी सही. सगळी तालीम मी घेतलेली, कल्पना माझी, आणि मला कल्पना नव्हती म्हणून मी सही केली. पेन चालत नव्हतं तर दुसरं मागून घेतलं.

सरांना फाजल ठरवून इच्छापोरकडच्या एका गुजराती शाळेत पाठवलं. फाजल म्हणजे जास्तीचा शिक्षक, इथे सगळे तसंच म्हणतात, आणि तो शब्द माणसाला चिकटतो. तिथे त्यांना शिकवायला तास दिलेच नाहीत म्हणे. मतदार याद्या, पुस्तकांचं वाटप, परीक्षेची बैठकव्यवस्था. रोज भेस्तानहून इच्छापोर आणि परत, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिथे जाऊन बाक मोजायचे. तीन वर्षं तेच करून गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभ तिकडच्यांनी केला नाही, कारण ते तिकडचे नव्हते. आम्ही केला नाही, कारण आम्हाला तोंड नव्हतं. मला मात्र खालच्या वर्गांचं विज्ञान मिळालं. मी टिकले.

या जूनमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, मी भेस्तानला त्यांच्या घरी गेले. का गेले? ती सही चार वर्षं मला खात होती. आता ते निवृत्त झाले, त्यांचं काही बिघडत नाही आणि माझंही नाही, तेव्हा सांगून मोकळं व्हावं, असा माझा साधा हिशेब. भरदुपारी गेले. त्यांनीच दार उघडलं, ओळखलं, "या बाई," म्हणाले. घरात एकटेच होते. स्वतः चहा टाकला. गुडघे गेलेत, सायकल सुटली, असं सांगत होते. मी चहा हातात घेतला आणि एका दमात बोलून टाकलं. त्या कागदावर माझी सही होती, सर. सगळं मी केलं आणि तुमच्यावर ढकललं. मला क्षमा करा.

ते म्हणाले, "सही करावीच लागते, बाई. संसार असतो. मला मुख्याध्यापकांनी दाखवला होता तो कागद. मी म्हटलं, ठीक लिहिलाय." आणि मग म्हणाले, "शिवाय मी काय हरिश्चंद्र होतो? मी हो म्हटलंच होतं की. आणि ती पोरगी उठली तेव्हा मला तिला खुणेनं बसवता आलं असतं. नाही बसवलं. का नाही, ते मला अजून कळलेलं नाही."

मला एकदम हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. चहा गोड लागला. आणि त्या हलकेपणात, काहीतरी विषय काढायचा म्हणून, मी विचारलं, "त्या रोशनीचं काय झालं हो पुढे?"

"पलसाण्याला जाते," सर म्हणाले. "साड्यांच्या घड्या घालायला. बापाच्याच कंपनीच्या बसनं."

"म्हणजे बापानं शाळा सोडवलीच."

"नाही. बाप तयार होता." त्यांनी कप खाली ठेवला. "इच्छापोरला रुजू झाल्यावर मी तीन रविवार त्यांच्याकडे गेलो. जवळच्या गुजराती शाळेचा फॉर्म भरून नेला होता. बापाला समजावलं, आईला समजावलं, दोघं हो म्हणाले. बाप म्हणाला, मी स्वतः सोडीन सायकलवर. तीच तयार होईना. म्हणाली, सर, मला आता वर्गात नाही बसायचं. मी तोंड उघडलं की सगळ्यांचं वाटोळं होतं. मी म्हटलं, असं कुणी सांगितलं तुला? तर म्हणाली, मॅडमनी सांगितलं."

पंखा फिरत होता. सर माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावर सांडलेला चहा बोटानं पुसत होते.

"कोण मॅडम, ते मी तिला विचारलं नाही," ते म्हणाले.

विचारायचं काय होतं त्यात? हायस्कूलला मॅडम मी एकटीच होते. सहीचं चार वर्षं उराशी धरून बसले होते, आणि टाकीपाशी त्या पोरीला काय बोलले ते साफ विसरून गेले होते. कुणाला रागावून बोलल्याचं कुठे लक्षात राहतं? तिच्या राहिलं होतं. शब्दन्‌शब्द राहिला होता. चौदा वर्षांची पोर, तिनं माझं ऐकलं आणि घरी बसली.

तेव्हा बोलायला हवं होतं. इतकं ओठावर आलं होतं, की सर, ती मॅडम मीच, चला, आत्ता जाऊ तिच्याकडे, तिला सांगू की माझं चुकलं, अजून वय गेलेलं नाही, बाहेरून बसेल दहावीला. रविवार होता त्या दिवशी, कंपनीला सुट्टी, रोशनी घरीच असणार, रिक्षानं पंधरा मिनिटांवर घर. आणि मी काय बोलले?

"हट्टीच होती हो ती पहिल्यापासून," असं बोलले मी.

"असेल," सर म्हणाले, आणि मला रिक्षा मिळेपर्यंत दुखऱ्या गुडघ्यांनी खाली उन्हात उभे राहिले.